जुन्या वळणाची छोटी गाडी, तीही सेकंड हॅण्ड. वेडेपणा आहे का?

पावसाळी_ढग
मंडळी सल्ला हवाय. आधीच सांगते, "त्यापेक्षा साधी हॅचबॅक घे" हा सल्ला घरात रोज फुकट मिळतोय, तो सोडून बोला. मला कधीपासून ती गोल डोळ्यांची, जुन्या काळातली वाटणारी पण एसी-एअरबॅग असलेली छोटी गाडी हवी होती, नवी तेव्हा परवडली नाही आणि आता त्यातल्या बऱ्याचशा बनायच्याच बंद झाल्यात, म्हणून सेकंड हॅण्ड. रोजचं जाणं-येणं मिळून तीसेक किलोमीटर, बहुतेक वेळा मी एकटीच, कधीमधी मागे लेक, वय ९. तीन गाड्या नजरेत आहेत. फोक्सवॅगनची न्यू बीटल, २.० पेट्रोल मॅन्युअल, पिवळीधम्मक, सनरूफवाली. दुसरी मिनी कूपर एस, २००८ ची. तिसरी फियाट ५००, १.२ पेट्रोल. जीव बीटलवर आहे हे लपवत नाही. बघायला जाताना नक्की काय बघायचं? मला गाडी चालवता येते, बॉनेट उघडल्यावर मात्र पाटी कोरी.

उगाच_एक
घरचे बरोबर असले तर? असो. जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

तेलकट_हात
ताई, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जाईल. ह्या गाड्या जुन्या नाहीत, जुन्या गाडीचा मुखवटा लावलेल्या साध्या गाड्या आहेत. मूळ बीटल मागे इंजिनवाली, हवेवर थंड होणारी, ती मेक्सिकोत पुएब्लाला २००३ पर्यंत बनत होती आणि एकूण २ कोटी १५ लाखांवर बनल्या. तुमची न्यू बीटलही पुएब्लाचीच, पण १९९७ ते २०११ मधली, आणि तिच्या खाली आहे फोक्सवॅगनचीच चौथ्या पिढीची गोल्फ. इंजिन पुढे, रेडिएटरमध्ये पाणी, ओढणारी चाकं पुढची. नाक तेवढं आजीचं, बाकी सगळी गोल्फ. फियाट ५०० चं तेच. मूळची आली ४ जुलै १९५७ ला, नवी आणली बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै २००७ ला, आणि खाली काय तर फियाटचीच पांडा नावाची साधी गाडी. मिनी तेवढी स्वतंत्र, ती बीएमडब्ल्यूने वेगळी बनवलेली.

आता घेणाऱ्याला ह्याचा उपयोग काय, तर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन हा खालचा माल भावंडांचा चालतो, त्यामुळे तो मिळतो आणि कुठल्याही बऱ्या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेला असतो. पण हेडलाइट, बंपर, मडगार्ड, दाराची रबरं, क्रोमच्या पट्ट्या हे फक्त त्याच गाडीचं, आणि मॉडेल बंद झालं की शोधत फिरायचं. म्हणजे ज्या गोष्टीवर तुम्ही भाळलात तीच मिळत नाही आणि जिच्याकडे ढुंकून बघणार नाही ती मिळते. म्हणून लोक करतात त्याच्या उलट करा, आधी बॉडी बघा, मग इंजिन. इंजिन बिघडलं तर खर्च आहे पण मार्ग आहे. डावा मडगार्ड कुजला असेल तर खर्च करायची तयारी असूनही हात बांधलेले.

पावसाळी_ढग
बाप रे, मी आजवर नेमका उलटा विचार करत होते. इंजिन चांगलं असलं की झालं, बाकी डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ असं.

गोलमटोल
तेलकट_हात यांना +१००. माझ्याकडे ह्याच पठडीतली एक आहे (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत). पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा दिवा फोडून पळालं, तसा दिवा मिळायला चार महिने गेले आणि तोपर्यंत लाल प्लॅस्टिक चिकटपट्टीने लावून फिरलो. त्याच काळात क्लच गेला, तो दोन दिवसांत बसला. काय ते समजा.

तरी विकणार नाही हां. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीतली पोरं हात करतात.

हिशोबी_माणूस
पोरांनी हात करण्याचं मूल्य ताळेबंदात कुठं लिहायचं ते सांगा म्हणजे मीही घेतो. ताई, राग मानू नका, पण चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला हे ह्या गाड्यांचं कायमचं आहे. गाडी स्वस्त मिळते कारण जुनी आहे, पार्टची किंमत मात्र गाडी नवी होती तेव्हाचीच असते. माझा साधा नियम, गाडीच्या किमतीच्या वर तिच्या पाचव्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही. मागणी किमतीवर घासाघीस करण्याआधी हे गणित करा.

स्पॅनर_पाना
कूपर एस २००८ असेल तर त्याबद्दल वेगळं लिहितो कारण तिथं लोक अडकतात. त्या पिढीला आर५६ म्हणतात, आणि त्या वर्षांतल्या एस मध्ये जे १.६ टर्बो इंजिन आहे, एन१४, ते बीएमडब्ल्यू आणि प्यूजोच्या कंपनीने मिळून केलेलं. चालवायला जबरदस्त, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीचा, टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) हा जगजाहीर विषय आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारला की पहिले काही सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो, तो आला की समजायचं चेन सैल पडतेय. बरेच विक्रेते म्हणतील "सगळ्या मिनी अशाच वाजतात". वाजत नाहीत. दुसरं असं की डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचा थर चढतो, मग गाडी आयडलला थरथरते. तो खरवडून साफ करता येतो, पण कधी केलाय का हे विचारा. आणि तेल. डिपस्टिक स्वतः ओढून बघा, काठी कोरडी निघाली तर तिथूनच नमस्कार करून परत या. घ्यायचीच असेल तर २०१० नंतर आलेलं एन१८ इंजिन बघा, ते पुष्कळ सुधारलेलं आहे.

शिवाय एस ला बहुतेक रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं चालणारे कडक टायर, स्टेपनी नाही, खड्ड्यात मणक्याला कळतं.

मागच्या_सीटवरून
बीटलच्या मागच्या सीटवर बसून प्रवास केलेला माणूस ह्या नात्याने बोलतो. पुढे महाल आणि मागे कोनाडा. छत मागे असं उतरत येतं की उंच माणसाचं डोकं थेट काचेला टेकतं, नऊ वर्षांच्या मुलीला काही त्रास नाही, पण सहा वर्षांनी ती तुमच्यापेक्षा उंच झाली की बघा. पुढचा डॅशबोर्ड मात्र जेवणाच्या टेबलाएवढा, काच इतकी लांब की तिच्यावरची धूळ पुसायला निम्मं आडवं व्हावं लागतं. आणि ड्रायव्हरला गाडीचं नाक अजिबात दिसत नाही, पार्किंगला अंदाजपंचे.

उगाच_एक
फुलदाणी राहिली. न्यू बीटलच्या डॅशबोर्डला छोटी फुलदाणी असायची. ती जागेवर आहे का बघा, हरवलेली असेल तर गाडीवर प्रेम नव्हतं असं समजायचं.

तेलकट_हात
उगाच_एक, चेष्टेत बोललात पण एवढं काही चुकीचं नाही. निघणारी वस्तू आहे, पहिली तीच हरवते. ती जिथल्या तिथं असली की मालक नीटनेटका असण्याची शक्यता वाढते, एवढाच अर्थ, त्यावर गाडी घेऊ नका.

बीटलचं नेमकं सांगतो. २.० ला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट रबराचा, तो किलोमीटरवर जसा झिजतो तसा नुसत्या वर्षांवरही वाळतो, त्यामुळे "कमी चाललीये, बेल्ट बदलायची गरजच नाही पडली" हे वाक्य ऐकलं की ती सूचना समजा, कौतुक नाही. बिल दाखवा म्हणायचं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, मधलं काही नसतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्या काळातल्या कित्येक पंपांचं आतलं पातं प्लॅस्टिकचं असायचं आणि ते तडकायचं, म्हणून बेल्टबरोबर पंप, टेन्शनर सगळं एकदम. खिडक्या चारपाच वेळा वरखाली करा, आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटून काच दारात पडते हे ह्या पिढीचं जुनं दुखणं. बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या डोक्यावर फ्यूजचा डबा दिसेल, तिथं प्लॅस्टिक वितळलेलं किंवा तपकिरी झालेलं आहे का पाहा. सनरूफ असेल तर पायाखालचे गालिचे हाताने दाबून बघा, नुसतं बघू नका, दाबा.

आणि सगळ्यात आधी फोन करून सांगा की इंजिन गार हवंय. पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवा.

पावसाळी_ढग
आज बीटल बघून आले. लिहायला बसलेय पण थोडी हिरमुसलेली आहे.

फोनवर दोनदा सांगितलं होतं गाडी सुरू करून ठेवू नका. गेटातून शिरले, गाडी उन्हातही नव्हती, सावलीत, आणि बॉनेटवर हात ठेवला तर गरम. मी म्हटलं अहो, तर ते म्हणाले आत्ताच धुवायला पुढे घेतली. धुतलेली होती खरी, चकाचक, टायरला काळं पॉलिश. मग दारं उघडली आणि आधी वास आला, सुवासिक काहीतरी फवारलेलं आणि त्याच्या खाली ओल्या गोणपाटासारखा. तेलकट_हात तुमचं ऐकून शेजारच्या सीटपुढचा गालिचा दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं, अक्षरशः. ते म्हणाले धुताना गेलं असेल. बेल्टचं बिल नाही. "गाडी इतकी कमी चाललीये ना ताई" हे वाक्य जसंच्या तसं! मला हसूच आलं. फुलदाणीही नव्हती.

पण चालवली तेव्हा छान वाटलं हो. मऊ, शांत. रंग तर काय सांगू. आता असं वाटतंय की गालिचा वाळवून घेतला आणि बेल्ट बदलला तर? किंमत बरीच खाली आणतायत.

तेलकट_हात
सोडा ती.

बरं, कारण सांगतो. सनरूफच्या चारी कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, पुढच्या दोन काचेच्या शेजारच्या खांबातून खाली उतरतात. पानं-धूळ अडकून त्या तुंबल्या की छपरावरचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत. नळी साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, दोष गाडीचा नाही, वर्षानुवर्षं कुणी साफ केली नाही त्याचा आहे. पण गालिच्याखाली जाड फोम असतो तो स्पंजसारखा पाणी धरतो, वरून कोरडा दिसला तरी खाली महिनोन्‌महिने ओल, आणि तिथूनच वायरिंगचे जुडगे गेलेत, कनेक्टर आहेत, खाली पत्रा आहे. आज दार लॉक होत नाही, उद्या काच उतरत नाही, परवा एअरबॅगचा दिवा, आणि हिरवे पडलेले पिन शोधत बसायचं. माझ्याकडे अशी गाडी आली की मी मालकाला आधीच सांगतो, तासाप्रमाणे पैसे घेईन, किती तास ते विचारू नका.

हिशोबी_माणूस
आणि विक्रेता स्वतःहून किंमत झपाट्याने खाली आणतोय म्हणजे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला गाडीपेक्षा गरम बॉनेट जास्त खटकलं. दोनदा सांगूनही केलं ना? मग बाकी जे सांगितलं त्यातलं किती खरं?

गोलमटोल
ह्या वेळी हिशोबी यांच्याशी सहमत, डायरीत नोंद करतो.

स्पॅनर_पाना
पुढच्या वेळी एक छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र, घेऊन जा ताई, फोनला जोडतो तो. नुसते एरर कोड बघू नका, ते कुणीही पाच मिनिटांत पुसतो. "रेडीनेस" नावाचं पान बघा. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. सगळ्या तपासण्या "अपूर्ण" दिसल्या तर आजकालात कुणीतरी पाटी पुसलीये, किंवा बॅटरी काढली होती. विचारायचं का काढली. टायरच्या कडेला चार आकडे असतात तेही वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. काळं पॉलिश मारलेले टायर बरेचदा म्हातारे निघतात. आणि चासी नंबर टाकून एअरबॅगचं रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) बाकी नाही ना तेवढं बघा, फुकट होतं ते काम.

मागच्या_सीटवरून
थोडं अवांतर. ह्या सगळ्या नव्या-जुन्या प्रकारात मला सगळ्यात आवडलेली म्हणजे निसानची फिगारो. १९९१ मध्ये २०,००० च बनवल्या, मागणी इतकी की लॉटरी काढून दिल्या. चार रंग, चार ऋतूंचे. दिसायला पन्नाशीच्या दशकातली आणि खाली निसान मार्च, ९८७ सीसी टर्बो आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक. तेलकट_हात यांचा नियम तिथंही तंतोतंत, मार्चचे पार्ट चालतात, आणि क्रोमच्या एका तुकड्यासाठी लोक वर्ष वर्ष थांबतात.

उगाच_एक
आणि क्रायसलरची पीटी क्रूझर विसरलात. अमेरिकेच्या सरकारी कागदात मायलेजच्या हिशोबाला ती गाडी चक्क ट्रकमध्ये मोजली जायची, मागच्या सीट काढल्या की सपाट जमीन मिळते म्हणून. मला हे वाचून एवढा आनंद झाला होता की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

पावसाळी_ढग
दरम्यान फियाट ५०० बघितली. १.२, साधी मॅन्युअल, ६९ अश्वशक्ती, चढावर जोर नाही पण मला कुठं शर्यत लावायचीये. तुमच्यापैकी कुणी चालवलीये का? त्याच विक्रेत्याकडे एक ट्विनएअर पण आहे, ऑटोमॅटिकवाली, ती घ्या म्हणून मागे लागलाय.

तेलकट_हात
१.२ बेलाशक. जुनं, साधं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन, कुणालाही कळतं. ट्विनएअर म्हणजे ८७५ सीसी, दोनच सिलिंडर, आवाजाला मजा येते पण कागदावरचं मायलेज रस्त्यावर मिळत नाही अशी सगळीकडची ओरड आहे. आणि तो ऑटोमॅटिक म्हणतोय तो डुआलॉजिक असणार, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतं. बिघडला तर ते मशीन महाग. डिकीचं दार उघडून बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी जातात त्या वाकवून बघा, उघडझाप होऊन तिथं तुटतात, मागचा वायपर किंवा नंबरप्लेटचा दिवा चालत नसेल तर तेच. २००८ ते २०१६ मधली फोर्डची 'का' नावाची गाडी हिची जुळी बहीण, पोलंडमध्ये त्याच तिखीच्या कारखान्यात बनायची, म्हणजे खालच्या पार्टचा प्रश्न नाही.

हिशोबी_माणूस
डोक्याने विचार केला तर ५००. धागा संपला.

गोलमटोल
डोक्याने विचार केला असता तर धागा निघालाच नसता साहेब.

पावसाळी_ढग
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

५०० चांगली होती, खरंच काही खोट काढता आली नाही. पण चालवून उतरले आणि मागे वळून बघितलं नाही, तेव्हा कळलं. मग बीटलच शोधत राहिले आणि एक मिळाली. रंग राखाडी, म्हणजे मी कधी निवडला नसता असा. सनरूफ नाही. एकच मालकीण, निवृत्त बाई, त्यांनी दारातच एक जाडजूड फाइल हातात दिली आणि म्हणाल्या आधी हे वाचा, तोवर मी चावी आणते. बेल्ट, पंप, टेन्शनर तिन्ही बदलल्याचं बिल, चार वर्षांपूर्वीचं. बॉनेट गार. गालिचा दाबला, कोरडा. बाईंना मी गुडघ्यावर बसून काय करतेय कळेना, मग सांगितलं तर त्यांनी स्वतः मागचा पण दाबून दाखवला! स्कॅनर लावला, रेडीनेस सगळं पूर्ण, एक जुना कोड ऑक्सिजन सेन्सरचा. एका हेडलाइटची काच पिवळट झालीये आणि डाव्या बंपरला ओरखडा, त्याबद्दल त्यांनी स्वतःहूनच कमी केले. स्पॅनर_पाना, टायर चारही सहा वर्षांचे निघाले, ते धरून किंमत ठरली. हिशोबी, पाचवा हिस्सा बाजूला ठेवलाय, शपथ.

काल घरी आणली. घरचे आधी गप्प, मग वडील खाली जाऊन एकटेच तिच्याभोवती दोन चकरा मारून आले.

तेलकट_हात
अभिनंदन ताई. पिवळट काच आतून आहे का बाहेरून ते बघा, बाहेरून असेल तर पॉलिशने जाते, बदलू नका. घासायच्या आधी दिवा काढून घ्या, बॉनेटच्या आतून खटका फिरवला की अख्खा दिवा पुढे सरकून हातात येतो, फार सोयीचं केलंय. आणि बेल्टला चार वर्षं झालीत, तारीख लिहून ठेवा कुठंतरी डोळ्यासमोर.

उगाच_एक
मुद्द्याचं राहिलं. फुलदाणी?

पावसाळी_ढग
आहे! जागेवर. आत फूल नव्हतं, बाईंनी टायरची हवा मोजायचा पेनसारखा गेज खोचून ठेवला होता. मी तसाच राहू दिलाय.